कॅम्पुटरातल्या बाईच्या डोईवरची घागर

सातव्या पावलाला बाई पडली. घागर पुढं, बाई मागं. कल्याणी मॅडमनी टेबलावर डोकं ठिवलं.

मी फरशी पुसत व्हते. म्या इचारलं, "आज किती?"

"सातच," मॅडम डोकं वर न करताच म्हणल्या. "काल आठ टाकलेली. शिकायची सोडून विसरायलीय."

"उद्या नऊ टाकंल."

"नऊ टाकून काय होतंय मावशी. पन्नास पायजेत. आन् रिव्ह्यूला आठ दिवस राहिल्यात."

ही बाई कॅम्पुटरातली. आन् मी त्या लॅबची मावशी. हौसाबाई माझं नाव. झाडणं, पुसणं, पाणी भरणं ह्ये माझं काम. कंत्राटावर हाय, सात वरसं झाली. त्येच्या आदी हितंच सोलापुरात भवानी पेठेत टावेलच्या कारखान्यात दशा कातरायचे. तितं मागावर येक यल्लप्पा म्हून व्हते, त्येंचीच ही पोरगी. परकरात बघितल्याली. आईसंगं फोनवर तेलुगूत बोलती, माझ्यासंगं मराठीत. पेठेत मी तिला कल्याणी म्हणते. लॅबमदी मॅडम म्हणते. तिला ते आवडत न्हाय, पर कामाच्या जागी कामासारखं बोलावं.

लॅबमदी काय चालतं ते मला पयलं वरीसभर कळलं न्हाय. मग हळूहळू कळलं. समदं न्हाय, पर माझ्यापुरतं कळलं.

कॅम्पुटरातली माणसं दोन परकारची असत्यात. येक पिच्चरमदली. तिला माणूस हलवतो. हात वर म्हणलं की हात वर. ती कवा पडत न्हाय, कारण तिला वजनच नसतं. दुसरी आमच्या मॅडमची. हिला वजन हाय. मांडी किती किलोची, गुडघ्यात जोर किती, घोट्यात किती, समदं घालून दिल्यालं. खालची जमीन तिला ओढती, जशी तुमाला मला ओढती. तिला कोण हलवत न्हाय. कंचा पाय कवा टाकायचा ते तिचं तिनंच ठरवायचं. चुकली की पडली. ह्येला सिम्युलेशन म्हणत्यात. म्हंजी खरं न करता खऱ्यासारखं करून बघायचं.

आन् ती शिकती पडून पडूनच. उभी राह्यली की कॅम्पुटर तिला गुण देतो, पडली की कापतो. येकीला शिकवाया लई येळ लागतो, म्हून मॅडम येकसारख्या शंभर बाया येकदम सोडत्यात. मी पयल्यांदा बघितलं तवा माझ्या हातातलं फडकं गळालं. शंभर बाया येका वावरात उभ्या, आन् बघता बघता समद्या आडव्या.

म्या म्हणलं, "मॅडम, ह्यास्नी काय झालं?"

"काही नाही मावशी. शिकायल्यात."

कवा कवा मॅडम तिच्यावर खोकी फेकत्यात. धक्का बसला तर सावरती का ते बघाया. मला ते बघवत न्हाय. मी तिकडं पाठ करून पुसते.

मॅडमचा पीएच.डी.चा इषय ह्योच. डोक्यावर वजं घिऊन चालणारी बाई. मला येकदा सांगितलं त्येनी. "नुसती चालणारी बाहुली जगात लय जणांनी केलीय. डोक्यावर पाणी घेऊन जाणारी कुणी धड केली नाही. ती जमली ना मावशी, तर मानेवर किती भार येतो, गुडघ्यावर किती येतो, हे खऱ्या बाईला न राबवता कळंल."

म्या म्हणलं, "खऱ्या बाईला इचारा की. ती बी सांगंल."

"सांगंल की. पण किलोत नाही सांगणार."

ते बी खरं हाय.

मॅडमचे गाईड म्हंजी आमच्या डिपार्टमेंटचे मोठे सर. एच.ओ.डी. पण त्येच. माणूस वाईट न्हाय. नियमाचा हाय. रिव्ह्यू म्हंजी कमिटी बसून काम बघती. मॅडमनी दोनदा मुदत वाढवून घेतल्याली, तिसऱ्यांदा मिळत न्हाय. ह्या बारीला जमलं न्हाय तर नाव कापणार. चार वरसं गेली.

पन्नासची गोष्ट आदल्या दिशीची. सर सांगाया आले तवा मी खिडक्या पुसत व्हते.

"कल्याणी, घागर काढून टाक. नुसती चालती बाहुली दाखव. कमिटी पास करेल."

"सर, नुसती चालती तर सगळ्यांकडं आहे. मग माझं काय राहिलं?"

"तुझी डिग्री राहील."

मॅडमनी पडद्यावरची घागर तशीच ठिवली. सर म्हणले, "बरं. पन्नास पावलं चालवून दाखव, घागरीसकट. आणि एक धक्का सहन करू दे. एवढं झालं तर मी सही करतो. नाहीतर घागर काढायची. वाद नको."

"चालतंय सर."

सर गेल्यावर मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "मावशी, तुम्ही पाणी वाहिलंय ना?"

म्या म्हणलं, "दुसरं काय केलंय."

आमचं गाव सांगोल्याच्या अंगाला. मेंढरं व्हती, पाणी न्हवतं. आठ वरसाची असल्यापास्नं डोक्यावर घागर. माह्यारची हीर दीड कोसावर, सासरची दोन कोसावर. मेंढरं बी गेली, मालक बी वारले, मग मी सोलापुरात आले. हितं नळाला चार दिवसाआड पाणी येतं, तवा वाहणं काय सुटलं न्हाय. फकस्त अंतर कमी झालं.

मॅडमची अडचण अशी व्हती. बाहुलीला नमुना लागतो. खरं माणूस कसं चालतं ते दाखवलं की ती तसं कराया बघती. त्येच्यासाठी मोशन कॅप्चर असतं. खोलीच्या चारी बाजूनं आठ कॅमेरे टांगल्यालं. माणसाच्या अंगावर बोराएवढ्या चमकत्या गोळ्या लावायच्या, त्यास्नी मार्कर म्हणत्यात. कॅमेऱ्याला माणूस दिसत न्हाय, गोळ्याच दिसत्यात. त्येच्यावरनं कॅम्पुटर आत हाडाचा सापळा उभा करतो. तुमी हात हलवला की तो हात हलवतो.

मॅडमनी आदी कॉलेजातल्या पोरींचा नमुना घेतल्याला. त्या पोरींनी जल्मात घागर उचलल्याली न्हवती. दोनी हातानं घागर धरून, मान वाकडी करून चालल्या. बाहुली तसंच शिकली. सात पावलं.

"तुमचा नमुना घेऊ," मॅडम म्हणल्या.

"घ्या की."

तवा त्येनी येक काळा ड्रेस काढला. अंगाला चिकटणारा, पार गळ्यापास्नं घोट्यापातूर.

म्या म्हणलं, "ह्यो कुणासाठी?"

"तुमच्यासाठी. साडी हलती, मार्कर सरकतात."

"मॅडम, मी साठीच्या पल्याड हाय. पेठेत कुणाला कळलं तर मला रेशनच्या लाइनीत उभं ऱ्हाता यायचं न्हाय."

ती हसली. लई दिसांनी हसली. मग आमी मधला रस्ता काढला. खाली त्येंची काळी विजार, वर माझं लुगडं, कासोटा घालून गुडघ्याच्या वर घट खोचल्यालं. मार्कर बसलं. डोक्याला येक पट्टी, तिच्यावर चार गोळ्या. आरशात बघितलं तर दिव्याच्या माळा लावल्याल्या जत्रेतल्या झाडासारखी दिसाया लागले.

घागरीत मॅडमनी वाळू भरली. म्या म्हणलं, "पाणी का न्हाय?"

"लॅबमध्ये पाणी आणायचं नाही. सरांचा नियम आहे. खाली सगळ्या वायरी."

त्या दिशी सर सोता बघाया उभे व्हते. आनखी दोन मास्तर. मी चटईवरनं ह्या टोकाला, त्या टोकाला चालले. पाच बारी. सर म्हणले, "छान, मावशी." मॅडमनी डेटा घेतला. डेटा म्हंजी समद्या गोळ्या कवा कुटं व्हत्या त्येची नोंद.

दुसऱ्या दिशी बाहुली ते शिकून तयार. मॅडमनी मला हाक मारली. मी बघितलं. बाई भिंतीच्या कडंनं चालली व्हती. खांदं आवळल्यालं, टाच उचलल्याली, पाऊल येवढं येवढं. नवव्या पावलाला घागरीसंगं कलंडली.

म्या म्हणलं, "ही कोण?"

"तुम्हीच."

"न्हाय. मी पाण्याला अशी जात न्हाय. ही हौसाबाई सरांच्या केबिनमदनं चहाचे कप घिऊन निघालीय."

म्या सांगितलं, "सर उभे व्हते की. साहेब लोकांम्होरं असंच चालायचं असतं, मदनं न्हाय जायाचं. आन् ती चटई मीच सकाळी पुसल्याली. पुसल्याल्या जागंवर माझी टाच टेकत न्हाय."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तुमी चाला म्हणला, चालले. कसं चालले ते आता दिसलं मला."

आनखी येक दिसलं. घागर नुसत्या डोक्यावर ठिवल्याली. गुळगुळीत डोकं, त्येच्यावर गुळगुळीत घागर.

"चुंबळ कुटं हाय?" म्या इचारलं.

मॅडमनी कपाळाला हात लावला. चुंबळ म्हंजी फडक्याची गोल गुंडाळी, डोकं आन् घागरीच्या मदी ठेवायची. पोरींच्या डोक्यावर व्हती, माझ्या डोक्यावर व्हती. कॅम्पुटरातल्या बाईला कुणी दिलीच न्हवती. चार वरसं ती बिचारी बिनचुंबळीची पाणी वाहाया बघत व्हती.

मॅडमनी दोन दिस बसून तिला चुंबळ करून दिली. मऊ किती, दबती किती, समदं मला इचारून. म्या पदराची करून दाखवली, त्येनी ती दाबून दाबून मापली. त्या चुंबळीनं बाई सरळ येकवीस पावलांवर गेली. मॅडमनी मला मिठी मारली, हातातल्या फडक्यासकट. पर येकवीसच्या म्होरं काय ती जाईना. डोकं सावरायची, कंबर लाकडागत. चालणं अजून चहाच्या कपाचंच व्हतं.

रिव्ह्यूला तीन दिस उरलं. मॅडम म्हणल्या, "सर नसताना परत चालाल?"

चालले. म्या मनात म्हणलं, हौसे, आता खरं चाल. तेवढं म्हणलं की झालं. हात कुटं ठेवायचा तेच सुचंना. आजवर चालताना माझ्या पायाकडं म्या कवा बघितलंच न्हवतं, आता दुसरं काय दिसंना. मॅडमनी पडद्यावर बघितलं, काय बोलल्या न्हाईत. ते मला लई लागलं. वरडल्या असत्या तर बरं.

दुसऱ्या दिशी बिल्डिंगीचं पाणी गेलं. मोटार जळाली. खाली टाकीत पाणी व्हतं, वर चढत न्हवतं. संडासात पाणी न्हाय म्हणल्यावर मुकादम म्हणला, वरचं पिंप तुमी भरा. मी दुसऱ्या मजल्यावर पाणी वाहाया लागले. जिना चढून, लॅबच्या दारावरनं, पार टोकाच्या पिंपात.

पाचवी खेप आसंल. मॅडम दारात उभ्या.

"मावशी, थांबा."

"थांबू कशी. डोक्यावर पाणी हाय."

मी गेले, वतलं, परत आले. त्या तितंच उभ्या. तोंड बघितलं तर परीक्षेत गणित सुटल्यागत झाल्यालं.

"तुम्ही आत्ता कशा गेलात ठाऊक आहे का?"

"कशी?"

"ते मला तुम्हाला सांगायचंच नाही," त्या म्हणल्या. "तुम्हाला कळलं की बिघडंल. पिंप किती भरायचं राहिलंय?"

"बारा खेपा."

"ते पिंप मी लॅबमध्ये आणते. चटईच्या पलीकडं ठेवते. तुम्ही तिथं भरा. मग आपण दोघी ते बाहेर ढकलू."

म्या म्हणलं, "आन् सरांचा नियम?"

"तो माझ्यावर."

"वायरी?"

"पाणी सांडंल का मावशी?"

"माझ्या डोक्यावरनं पाणी सांडत न्हाय."

तेवढं बोलून आमी कामाला लागलो. वायरी उचलून बाकड्यावर ठिवल्या. मार्कर लावलं. लॅबच्या दाराबाहेर मॅडमनी भरल्याल्या घागरी रांगंनं आणून ठिवल्या, सोता वाहून. जिन्यातनं आणताना निम्मं पाणी त्येंच्या अंगावर. म्या म्हणलं, "पीएच.डी. हाय व्हय ह्याच्यात?" त्या म्हणल्या, "चालत्या व्हा."

पयल्या दोन खेपा मी कॅमेऱ्याकडं बघतच गेले. तिसऱ्या खेपंला पिंपाच्या तळाची गळती दिसली, तिला फडकं लावलं. मग डोक्यात तेच राह्यलं, की फडकं निघालं तर सरांच्या वायरी जातील. चालण्याचं काय सुदिक राह्यलं न्हाय. घागर उचल, चाल, वत, फडकं बघ, परत ये. मॅडम कॅम्पुटरच्या मागं गुडघ्यावर बसल्याल्या, मला दिसू नये म्हून. मला दिसत व्हत्या, पर म्या दिसल्या न्हाईत असं केलं.

नववी खेप निम्म्यात असताना दार उघडलं. सर आत आले.

मी तशीच गेले, वतलं, भिंतीला उभी राह्यले.

सरांनी पिंप बघितलं. बाकड्यावरच्या वायरी बघितल्या. मॅडमचा भिजल्याला ड्रेस बघितला. "कल्याणी, लॅबमध्ये पाणी आहे."

"हो सर."

"मी सांगितलं होतं."

"हो सर. तुम्ही काय करायचं ते करा. पण आधी एक मिनिट हे बघा."

मॅडमनी पडद्यावर आठवी खेप लावली. सापळा चालाया लागला. मी बी पयल्यांदाच बघितलं. कंबर अशी डुलत व्हती, गुडघं थोडं वाकल्यालं, आन् डोकं बघाल तर दोरी लावल्यागत येका रेघंत. वर काय सुदिक हलत न्हवतं, खाली समदं हलत व्हतं. माझीच हाडं, पर मला ती म्हातारीची वाटली न्हाईत.

मग नववी खेप लावली. तशीच चालली. निम्म्यावर आली, आन् येकदम खांदं आत. पाऊल बारीक. सापळा मदली वाट सोडून भिंतीकडं सरकला.

सर वाकून बघाया लागले. "इथं काय झालं? मार्कर निघाला?"

"नाही सर," मॅडम म्हणल्या. "इथं तुम्ही आत आलात."

सरांनी ते परत लावाया सांगितलं. परत बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं. मग माझ्याकडं वळले.

"मावशी, मी आलो की तुम्ही अशा चालता?"

म्या म्हणलं, "तुमीच न्हाय. कोणबी साहेब आला की."

"सात वर्षं?"

"त्येच्या आदी बी. तुमचं काय न्हाय त्यात."

सरांनी पिंपाकडं बघितलं. मग मॅडमला म्हणले, "किती खेपा राहिल्यात?"

"तीन."

"घे." आन् भाईर जाऊन त्येनी दार लावून घेतलं. आमी पिंप ढकलत भाईर आणलं तवा सर दाराला पाठ लावून उभे व्हते, कुणाला आत सोडत न्हवते. पिंपाचा येक कान त्येनीच धरला. पाण्याचं येका शब्दानं काडलं न्हाय.

आता शिकवणी. नमुना झाला, गुण ठरवायचे राह्यले. मॅडमनी मला डबा खाताना इचारलं, "मावशी, घागर पडली तर किती गुण कापू, आन् बाई पडली तर किती? आत्ता दोन्हीला सारखेच कापते."

म्या इचारलं, "सारखे का?"

"दोन्ही पडणंच की."

म्या भाकरी खाली ठिवली. सांगावं का न्हाय कळंना, पर तिनं कामाचं इचारलं व्हतं. म्या म्हणलं, "मी येकदा पडले. सासरी. पोटुशी व्हते, सातवा. बांधावर पाय सरकला. घागर फुटली. पोरगं गेलं. दुसऱ्या दिशी दुसरी घागर घिऊन गेले, घरात पाणी न्हवतं."

मॅडमनी हातातला घास डब्यात ठिवला. मग हळूच म्हणल्या, "कुठल्या बाजूला पडलात?"

मला बरं वाटलं. हळहळ समद्यांनी केल्याली. कुटल्या अंगाला पडले ते आजवर कुणी इचारलं न्हवतं.

"उजव्या," म्या म्हणलं. "घागर उजवीकडं चालली, तिला धराया मी बी गेले. सोडली असती तर उभी राह्यले असते. पर घागर सोडायची नसती असं आईनं शिकवल्यालं. सासूनं बी."

मॅडमनी डबा तसाच झाकला आन् कॅम्पुटरकडं गेल्या. घागर पडली तर थोडे गुण कापायचे, बाई पडली तर समदे. असं त्येनी लिवलं. मग शंभर बाया सोडल्या, आन् दोन दिस कॅम्पुटर बंद केला न्हाय.

रिव्ह्यूला मला आत बसायचं काम न्हवतं. पर चहा मीच न्हेणार. कमिटीत तिघं. येक भाईरगावच्या बाई, करड्या केसांच्या, चष्मा नाकावर. त्याच सारखं इचारत व्हत्या.

मॅडमनी बाहुली लावली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर. चालाया लागली. मी ट्रे घिऊन उभी. धा. वीस. येकवीसला म्या ट्रे घट धरला. ती गेली की म्होरं. कंबर डुलवत, मदल्या वाटंनं. पन्नास झाली, साठ झाली. मॅडमनी थांबवली न्हाय, चालू दिली.

भाईरगावच्या बाई म्हणल्या, "धक्का द्या."

मॅडमनी खोकं फेकलं. बाई हालली, घागर हालली, सावरली.

"मोठा द्या. उजवीकडून."

मला पाठ करायची व्हती, पर हातात ट्रे. बघितलं. खोकं खांद्यावर बसलं. घागर पार कलली. बाईचा हात वर गेला, घागरीला लागला, आन् मग सोडला. घागर खाली गेली. बाई दोन पावलं आडवी गेली, गुडघ्यात वाकली, आन् उभी राह्यली.

"घागर पडली," येक मास्तर म्हणले. "म्हणजे फेल ना हे?"

मॅडमनी तोंड उघडलं, पर त्येंच्या आदी मोठे सर बोलले. "मी धक्का सहन करायला सांगितलं होतं. कुणी, ते नीट सांगितलं नव्हतं. ती उभी आहे."

भाईरगावच्या बाईंनी चष्मा काडला. "हात सोडायचा हे तिला कुणी शिकवलं?"

मॅडम म्हणल्या, "गुण बदलले. बाईचा जीव घागरीपेक्षा महाग धरला."

"हे आधी का सुचलं नाही?"

"मी आधी विचारलं नव्हतं. ज्यांना विचारायचं त्या रोज इथंच फरशी पुसत होत्या."

समद्यांनी माझ्याकडं बघितलं. म्या चहा ठिवला. भाईरगावच्या बाई म्हणल्या, "तुमचं नाव काय?" म्या सांगितलं. त्येनी वहीत लिवून घेतलं आन् म्हणल्या, "ह्या भागाचं एक प्रकरण वेगळं लिहा, कल्याणी. सहा महिने देते. तिसरी मुदतवाढ मिळत नाही, पण पत्र मी देते." तेवढ्यावर रिव्ह्यू संपला. सही झाली.

कल्याणी भाईर आली आन् जिन्यात बसून रडली. म्या म्हणलं, "आता कशाला?" ती म्हणली, "काय की." मी बी शेजारी बसले. मग तिनं आईला फोन लावून तेलुगूत काय काय सांगितलं, त्यात माझं नाव दोनदा आलं.

आता ती डॉक्टर झाली. पुढच्या कामाला मोठ्या गावाला गेली, तितं बी बाहुल्याच पाडती. जाताना मला माझ्या सापळ्याचं चित्र फ्रेम करून दिलं. म्या म्हणलं, पोरी, हाडं कुणी भिंतीला लावतं का. लावलंय पर. नातवंडं येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवत्यात. मोठे सर आता आत याच्या आदी दार वाजवत्यात. त्येंच्याच लॅबचं दार. त्येनी वाजवलं की मी मुद्दाम हळू आवरते.

गेल्या महिन्यात नवी मॅडम आली. तिला म्हाताऱ्या माणसाचं चालणं पायजे, गुडघ्याच्या डॉक्टरासाठी. चांगली पोरगी हाय. मार्करची पेटी घिऊन आली आन् म्हणली, "मावशी, जरा चालून दाखवता का?"

म्या इचारलं, "काय न्ह्यायचं हाय? आन् कुटं?"

ती म्हणली, "काही नाही. नुसतं चाला."

म्या म्हणलं, "मग आदी काम काड. नुसतं चालाया मला येत न्हाय."